बसकी अंडी आणि शेजारच्या सुना

ग्रीसमधल्या आमच्या सूफ्ली गावात एव्हान्थिया मावशीचा विश्वास फक्त रेशीमकिड्यांवर. माणसं तोंडाने बोलतात, म्हणजे खोटं बोलणारच, असा तिचा साधा हिशेब. आईकडून आलेलं किड्यांचं वाण तिने घरातल्या घरातच जुळवून जपलं. बाहेरचा एक पतंग कधी आत येऊ दिला नाही.

यंदा मात्र तिच्या माद्यांनी घातलेली अंडी सुकता सुकता बसली. टरफलं आत दबली, मनुकांसारखी. उरली तळघराच्या गारव्यात ठेवलेली कोषांची एक टोपली. तीही अशीच गेली, की वाण बुडालं.

"एखाददुसरं बसलं असतं तर दैव म्हटलं असतं," ती मला म्हणाली. "पण सगळी एकदम? स्टेर्यो, सगळं एकदम बिघडलं की समजायचं, कुणीतरी बिघडवलंय."

कुणीतरी म्हणजे प्रोद्रोमोस. किडे तोही पाळतो, पण दुसऱ्या वाणाचे. त्याच्या द्राक्षवेली आणि तिच्या तुती यांच्यामध्ये एकच कुंपण. तो वेलींवर मोरचूद फवारतो, ते उडून किड्यांच्या पाल्यावर येणारच. शिवाय त्याच आठवड्यात तो तिच्याकडे बघून हसला होता. पोलिसांत जायला मावशीला एवढा पुरावा पुरे होता. त्याने चेरीचा मुरांबा पाठवला, तो तिने आधी मांजराला चाटवला. मांजर ठणठणीत.

"फितवलंय मेल्याने त्याला," मावशी म्हणाली.

मी थेस्सलोनिकीच्या एका प्रयोगशाळेत कामाला, तिथेही किडेच. पोलिसांआधी मला आठ दिवस दे म्हटलं आणि तुतीचा पाला नि मेलेल्या माद्या घेऊन गेलो. पाला स्वच्छ निघाला. खोट माद्यांतच सापडली.

"मावशी, अंड्याचं टरफल आई घडवते," परत येऊन मी सांगितलं. "ते घडवणारी जनुकं गुणसूत्रावर इकडेतिकडे विखुरलेली नाहीत. एकाच गल्लीत भिंतीला भिंत लावून राहतात. वेळ झाली की सगळी गल्ली कामाला लागते. काही शेजारी तर एकाच बटणावर चालतात. तुझ्या वाणात त्या गल्लीचा मोठा तुकडाच नाही. म्हणून सगळं एकदम."

"नेला कुणी?"

"कुणी नाही गं. प्रत्येक गल्लीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक तुटकी असली तरी दुसरी निभावून नेते. तू घरातल्या घरात लग्नं लावत गेलीस, आता दोन्ही तुटक्याच आल्या."

मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "प्रोद्रोमोसने जेवायला बोलावलं होतं का रे तुला?"

"हो, आणि वाण वाचवायचं तर तूही जा. टोपलीतले तुझे नर चालतील, त्यांना कुठे टरफल घडवायचंय? माद्या बाहेरच्या हव्यात. आत्ता कोष फोडून पतंग बाहेर पडताहेत ते त्याच्याकडेच."

 सकाळी मावशी कोषांची टोपली घेऊन कुंपणाशी उभी राहिली.

"पोरी दाखव," ती प्रोद्रोमोसला म्हणाली.

"या विहीणबाई! म्हणजे हुंडा मीच द्यायचा का?"

"मुरांबा दिलास तेवढा पुरे."

पतंग जुळले. कागदावर अंडी पडली आणि सुकली तरी गोल राहिली. मावशीने दोनचार नखाने दाबून पाहिली, मग हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

"आता यांना आपापसांत जुळवू नकोस," मी बजावलं. "पुढच्या वर्षीही सुना त्याच्याकडूनच आणायच्या."

"पुढच्या वर्षीही?" मावशीचे डोळे बारीक झाले. "तरीच मेला हसत होता."