जड कडी

केमालिये हे तुर्कस्तानातलं, युफ्रेटिसच्या काठचं आडबाजूचं गाव. तिथल्या जुन्या दारांना दोन कड्या असतात, एक जड आणि एक नाजूक. मला वाटलं, शोभेच्या असतील. ज्या बाईंकडे खोली घेतली होती त्यांच्या दारावर मी हाताला आली ती, जड कडी आपटली.

आतून धावती पावलं ऐकू आली. दार उघडलं. सत्तरीच्या बाई, हात पिठाचे, चेहरा उजळलेला. मला पाहिलं आणि तो विझला.

मागून आलेली त्यांची मुलगी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "जड कडी पुरुषांनी वाजवायची, बायकांनी छोटी. आमच्याकडे जड कडी वाजवणारे एकटे बाबाच होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण आईच्या पायांना कोण सांगणार?"

बाईंनी चहा दिला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. माणूस जातो, त्याचा आवाज दारावर तसाच लटकत राहतो. वाटेल त्याने वाजवावा.

आमचे हे बेल दोनदा वाजवायचे, लागोपाठ, घाईघाईने. पुण्याला परतल्यावर एका दुपारी ती तशीच वाजली आणि मी गॅसवरचं दूध तसंच टाकून धावले. दारात कुरिअरवाला. मी त्याच्यावर खेकसलेच, "एकदाच वाजवत जा हो!"

बिचारा ऐकतो. आता आमच्याकडे कुणीच बेल दोनदा वाजवत नाही.