वहीतली परक्या हाताची सही

एकोणीस वर्षं ती आरशांना डिंक लावत होती, म्हणून कामावर सगळे तिला डिंकवाली म्हणायचे. तेही तोंडावर. तिला राग यायचा, पण ती गिळायची.

काम होतं अवकाशातल्या दुर्बिणीचं. ताऱ्यांकडून येणारे तीव्र क्ष-किरण साध्या आरशातून आरपार जातात. त्यांना आरशाला जेमतेम घासत न्यावं लागतं, तेव्हा कुठे ते किंचित वळतात आणि पार वीस मीटरवर जाऊन एकत्र येतात. एवढी लांब नळी वर न्यायची कशी? म्हणून आरसे एका यानात, कॅमेरा दुसऱ्यात आणि दोघांनी अंतर राखत जोडीनं उडायचं. एकात एक बसणारे, कागदासारखे पातळ असे सदतीस आरसे डिंकवालीच्या हाती होते.

विभागप्रमुख तिचा धाकटा दीर. त्याच्या परीक्षांच्या दिवसांत तिनंच त्याला पहाटे हलवून उठवलेलं. घरी तो तिला वहिनी म्हणे, कामावर "ओ बाई".

उड्डाणाची तारीख अलीकडे आली तशी त्यानं फर्मान काढलं. "डिंक दोन दिवस सुकवत बसू नका. भट्टीत घाला, सहा तासांत होतो."

"आखडतो तो. आरसा वाकडा होईल."

"तुम्ही डिंक लावा. डोकं आम्ही लावतो."

"मग डिंकही तुम्हीच लावा."

दाढ काढायला ती दोन दिवस रजेवर गेली. परतून बघते तर दिरानं उरलेले बारा आरसे भट्टीत सुकवून बसवलेले! चाचणीत क्ष-किरणांचा ठिपका एकत्र न येता पसरला आणि चौकशी बसली. तिघा अधिकाऱ्यांपुढे दीर थंडपणे म्हणाला, "बाईंचा हात थरथरतो हल्ली. या बारा आरशांपुढे नोंदवहीत सही त्यांचीच आहे."

तिनं वही ओढली. नाव तिचं होतं, वळण त्याचं. अंगाची लाही लाही झाली. अधिकाऱ्यांनी तिला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला सांगितलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "घरातलं घरात ठेव. त्याला पोरंबाळं आहेत."

"आणि मला काय मांजरं आहेत?"

सकाळी तिनं वहीतल्या सहीच्याच तारखांचा रजेचा अर्ज आणि दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी अधिकाऱ्यांच्या टेबलावर आपटली. दिराचा चेहरा उतरला. आठवड्याच्या आत त्याची बदली गोदामात झाली. तिनं बाराही आरसे सोडवले, नवे मागवले, एकेक दोन दिवस सुकवला. सात महिने गेले. जाऊ जिन्यात दिसली की तोंड फिरवायची.

दोन्ही यानं वर गेली, अंतर राखून स्थिरावली. फुटलेल्या ताऱ्याचं पहिलं चित्र उपाहारगृहातल्या पडद्यावर आलं, धारदार. ती उभ्यानं बघत होती, तेवढ्यात दीर शेजारी आला.

"झालं समाधान? माझं वाटोळं करून?"

"तुझं वाटोळं तू केलंस. मी आरसे केले."

तो तरातरा निघून गेला. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसत, पण एकमेकांशी बोलत नसत; पलीकडून पाण्याचा पेला हवा असला तर तोही सासूबाईंनाच मागावा लागे.