इंद्रजितच्या मागचा नंबर

पिंपळीच्या इंद्रजितला आळीत शहाणा समजत. एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर, घरी दीड एकर ऊस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. म्हणून १९९९च्या चैत्रात तो पाण्याच्या पाळीला आला नाही, तेव्हा त्याच्या बायकोला, विजयमालाला, वाटलं की गडी मोटरसायकलवरून पडला.

पडला नव्हता. बारामतीत नागेशच्या कॉम्प्युटर क्लासात लढाईचा गेम खेळत बसला होता.

पाटाचं पाणी तीन आठवड्यांनी यायचं, त्यांच्या वाट्याला रविवारी सकाळचे चार तास. "अर्ध्या तासात येतो" म्हणून गेलेला इंद्रजित दुपारी तीनला उगवला. दोन तास त्याची वाट बघून विजयमालानं साडी खोचली आणि एकटीनं दारं धरून सरीसरीत पाणी सोडलं. अर्ध्या सऱ्या भिजल्या, तोवर वेळ संपली, आणि पुढची पाळी असलेल्या शेजारच्या सोपानरावांनी फावडं घेऊन येऊन पाणी आपल्याकडं वळवलं. उरलेली उसाची कोवळी लागण तशीच कोरडी राहिली.

"बाटली असती तर फोडता आली असती," सासूबाई भामाबाई म्हणाल्या. "ह्याचं काय फोडायचं?"

इंद्रजितनं काही लपवलं नाही. कारखान्यातल्या स्टोअरचं रजिस्टर कॉम्प्युटरवर करायला शिकायला गेला होता, तिथं हे लागलं. सुरुवातीला वीस माणसं मिळतात. कुणाला लाकडाला धाडायचं, कुणाला मेंढरांमागं, ते आपण ठरवायचं. आधी धान्य, मग गढी, मग फौज. भाकरीचे तुकडे मांडून तो सांगत होता. लग्नापासून इतका बोलताना तिनं त्याला ऐकलं नव्हतं. मग मान खाली घालून म्हणाला, "मला उठता येत न्हाय. उठायचं म्हणतो आन् आणखी एक बुरूज बांधतो."

आईच्या पायाची शपथ घेतली, ती गुरुवारपर्यंत टिकली. साडेतीनला कारखान्यातून सुटलेला माणूस आठला घरी आला.

बंदी घातली तर खोटं बोलायला लागेल, एवढीच विजयमालाला धास्ती होती. अजून तरी तो खरं सांगत होता. शनिवारी करपलेल्या सरीत खुरपताना तिच्या ध्यानात आलं, की गावात आपलं पाणी आपण कुणीच बंद करत नाही. आणखी एक सरी, आणखी एक सरी, असंच प्रत्येकाला होतं. पुढचा फावडं घेऊन येतो, म्हणून ते थांबतं.

ती वडापच्या जीपनं बारामतीला गेली. बारावी झालेली होती. टायपिंगला नाव घातलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, पाच वाजता. नागेश म्हणाला, वहिनी, दुसरी मशीन मोकळी आहे. तिला इंद्रजितचीच हवी होती, आणि त्या दोन दिवशी पाचपर्यंतच, बाकीच्या दिवशी त्याला बसू द्यायचं नाही, हेही तिनं कबूल करून घेतलं.

मंगळवारी पाचला ती त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली.

"पाच मिनिटं," तो मागं न बघता म्हणाला. "वैरी दारात आलाय."

"सोपानराव थांबतात का पाच मिनिटं? उठा. आता पाणी माझ्याकडं."

कान लाल करून तो उठला. गढी गेली. शुक्रवारी पाच-दहाला उठला, पुढच्या मंगळवारी पाचला. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मात्र दुसऱ्याच एका क्लासात जाऊन बसला, आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आधी स्वतःच सांगितलं. विजयमाला रागावली, पण तिनं जेवायला वाढलं.

रविवारी पाण्याची पाळी होती. ती भाकरी घेऊन रानात आली, तेव्हा शेवटची सरी भिजत होती. बांधावर सोपानराव दिसताच इंद्रजितनं स्वतःच फावडं घालून पाणी त्यांच्याकडं सोडलं.

मग चिखलाचे हात धुता धुता त्यानं हळूच विचारलं, "मंगळवारी तुझं वडाप चुकलं तर?"

"चालत येईन," विजयमाला म्हणाली आणि भाकरीचं फडकं सोडलं.