डोमाभाऊंची पोपटी खोली

आमच्या गावात भिंत सारवायची, चुन्याने पोतारायची ती बाईनेच. पुरुष घर बांधतील, छपरावर कवेलू चढवतील, पडलेली भिंत उभी करतील. पण चुन्याची बादली निघाली रे निघाली की सगळ्यांना तलावावर तातडीचं काम आठवतं. म्हणून डोमाभाऊ आरमोरीहून सायकलला रंगाची बादली अडकवून आले, तेव्हा आमची अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली. मी गावची आशा वर्कर, शिवाय भिंतीला भिंत लागून शेजारीण. माझा हक्क सगळ्यांत पहिला.

"भाऊ, कोन लावनार हा रंग?" मी विचारलं.

"मी. काऊन? मले हात नाई का?"

डोमाभाऊ ढिवर माणूस. पन्नाशी उलटली तरी पहाटे डोंगा काढून तलावात जाळं टाकतात. स्वभावाने मऊ, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी हलणार नाहीत. बायको प्रेमिला तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. एकुलती एक मुलगी दामिनी वडशाकडे दिलेली. तिला सातवा महिना लागला आणि भाऊ रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळंतपणासाठी तिला आणायचं बोलायला गेले. तिथे तिच्या सासूने, सोमारीबाईंनी, तोंडावर सांगितलं, "ज्या घरी बाईमानूस नाई, तिथी मी सुनेले पाठवत नाई जी." भाऊंनी फार विनवण्या केल्या. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की पंधरा दिवसांनी रविवारी येऊन घर पाहते, मग ठरवते.

दामिनीने मात्र बापाला फोनवर हळूच सांगितलं, "बाबा, खोलीले पोपटी रंग लावजा." भाऊंना तेवढं पुरलं. मुलीला यायचं होतं.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आम्ही एका दुपारी उरकून देतो. मीही पदर खोचून गेले. भाऊंनी ब्रश पाठीमागे लपवला.

"तुमी लावान, तर सोमारीबाई म्हनन, पाहा, बायकाच लागल्या. मले एकट्यानं करू द्या."

आम्ही ओसरीत बसून गंमत पाहायला लागलो. त्यांनी वरून खाली रंगवायचं सोडून खालून वर सुरुवात केली. दोन दिवस पोपटी शिंतोड्यांनी माखलेले ते तलावावर जायचे आणि बाजारात लोक विचारायचे की मासोळीला हे काय झालं. मी हसले, पण मनातून मला भारी वाटत होतं. माझ्या नवऱ्याने आजवर स्वतःचं ताटसुद्धा उचललेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. भाऊंनी भिंतींना खालून दोन हात उंचीपर्यंत डांबर फासलं होतं. मातीच्या भिंतीला खालून ओल धरते, वाळवी लागते. बाळंतिणीच्या खोलीत वाळवी नको, म्हणून या माणसाने डोंग्याला लावतात तेच डांबर उकळून भिंतीला लावलं! लाकूड सडू नये म्हणून जे डोंग्याला चालतं, ते भिंतीलाही चालणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

"भाऊ, हा वास!"

"कोनता वास?"

त्यांना खरंच येत नव्हता. तीस वर्षं डांबरात हात घातलेला माणूस. मी मात्र भडकले. पोटुशी बाई या वासाने पहिल्याच दिवशी ओकून बेजार होईल, नवजात लेकराला या खोलीत मी एक घटका ठेवू देणार नाही, असं चांगलं खडसावलं. भाऊंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी लगेच त्याच्यावर पोपटी रंगाचे दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगातून तपकिरी डाग वर आले. आणखी एक हात मारला. डाग पुन्हा हजर.

ते उंबरठ्यावर बसले आणि म्हणाले, "रंजीता, सोमारीबाई खरंच म्हनते का वं? मले नाई जमत?"

मला एकदम वाईट वाटलं. एवढं बोलायला नको होतं मी. म्हटलं, "जमते. मातीची भिंत हाय, भाऊ. डांबर मातीसकट खरवडून काढा. नवी माती लावा. सारं सांगीन मी, हात नाई लावत."

सहा दिवस खुरपी चालली. काळे पापुद्रे निघाले, ते दूर बांधावर नेऊन पुरले. मग माती, शेण आणि धानाचा कोंडा भिजवून, पायाने तुडवून, हाताने थापणं. मी ओसरीतून ओरडायची, "दाबून, भाऊ, दाबून! हात गोल फिरवा!" मार्गशीर्षातलं ऊन कोवळं, भिंत लवकर वाळेना. दारं-खिडक्या उघड्या टाकून ते स्वतः ओसरीत कुडकुडत झोपले. शनिवारी शेवटचा हात मारून झाला. खालची बाजू खडबडीत, पंजाचे वळ दिसणारी. पण वास गेला होता.

रविवारी सोमारीबाई आल्या. ठेंगण्या, तोंडाच्या फटकळ. चहा बाजूला ठेवून आधी खोलीत गेल्या. भिंतीवर तळवा फिरवला, नाक जवळ नेऊन हुंगलं.

"कोन सारवलं हे?"

"मीच जी," भाऊ म्हणाले.

"दिसतेच." मग वळून त्यांनी थेट विचारलं, "भिंत झाली. पोरीच्या अंगाले तेल कोन लावन? तिले शेकन कोन? तुमी?"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. मी लावते म्हणणार होते. भाऊंनी हाताने मला थांबवलं. पंधरा दिवस कोणाचं बोटही लागू न देणारा तो हट्टी माणूस मान खाली घालून उभा होता.

"नाई जी. ते मले नाई जमनार," ते म्हणाले. "ते तुमी करा. दामिनीसंगं तुमीबी या, इथी या खोलीत राहा. मी ओसरीत झोपीन. रांधनं, पानी, धुनं, सारं माह्याकडं. पन पोरगी तिच्या मायच्या घरी बाळंत होऊ द्या."

मुलीच्या बापाच्या घरी विहीण मुक्कामाला! असं कोणी ऐकलं नव्हतं. सोमारीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. मग त्यांनी कोपऱ्यातल्या धान साठवायच्या ढोलीकडे बोट दाखवलं.

"मग हे बाहेर काढा. तिघं कशी मावू आमी?"

तिघं! मला हिशेब लागायला क्षणभर गेला. दामिनी, त्या स्वतः आणि येणारं लेकरू.

मी आणि भाऊंनी ढोली सरकवली. तिच्यामागची भिंत तशीच बिनरंगाची राहिलेली, एकट्याने ढोली हलली नव्हती ना! भाऊ ओशाळले. सोमारीबाईंनी पदर कमरेला खोचला आणि हात पुढे केला, "आना तो ब्रश."

भाऊंनी मुकाट्याने दिला. आणि मी पंधरा दिवस मागत होते, मला दिला नव्हता!