राइस मिलच्या लॅपटॉपचं वायफाय

सासऱ्यांच्या नागभीडच्या राइस मिलमध्ये बिलं करून करून दमलेला लॅपटॉप आमच्याकडे सावली गावाला आला, तेव्हा मी जावयाच्या ऐटीत म्हणालो, "विंडोज काढून याच्यात लिनक्स टाकतो, पाखरासारखा उडन." टाकलं. उडालाही. फक्त वायफाय दिसेना.

एरवी मी ते काम महिनाभर ढकललं असतं. पण सोमवारी अकरा वाजता बायकोची गडचांदूरच्या एका शाळेसाठी ऑनलाइन मुलाखत होती, आणि तिला पडद्यावर चित्रं दाखवत विज्ञानाचा पाठ घ्यायचा होता. चार वर्षं ती अशा जागेची वाट पाहत होती. मोबाइल तारेनं जोडला की नेट यायचं, पण तार जरा हलली की गायब. असल्या तारेच्या भरवशावर तिची नोकरी ठेवायची माझी हिंमत नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी मी बाह्या सरसावल्या. वायफायचं कार्ड कोणतं ते शोधलं, त्याचा ड्रायव्हर टाकला, काढला, दुसरा टाकला. कुठल्याशा फोरमवरच्या कमांडी अर्थ न कळता टर्मिनलमध्ये चिकटवल्या. एकीनं लॅपटॉपचा आवाजच घालवला. तो परत आणण्यात शनिवार गेला. लॅपटॉप बिचारा दर वेळी इमानदारीत सांगत होता, 'हार्ड ब्लॉक्ड', म्हणजे वायरलेस बटणानंच बंद आहे. पण या लॅपटॉपला तसलं बटणच नाही, हे मी चारी बाजूंनी बघून ठरवून टाकलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

रविवारी सकाळी पाठाची तयारी अर्धी टाकून बायको जवळ येऊन बसली.

"काय करून राह्यले जी?"

"कर्नल बदलून राह्यलो. म्हंजे याचा मेंदूच."

तिनं लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबली आणि नख लावलं. काळी चिकटपट्टी सोलून निघाली. चिमूटभर कोंडा सांडला आणि मागून इवलंसं सरकतं बटण बाहेर आलं.

"बाबाच्या मिलमधी कोनतीबी मशीन येऊ द्या, आधी पट्टी लावून सारे भोकं बंद करतेत. नाई त कोंडा जाते अंदर. मले काऊन नाई इचारलं?"

ती पट्टी मी लॅपटॉपचाच भाग समजत होतो. बटण सरकवलं, दिवा लागला, आणि आमच्या नेटवर्कसोबत शेजारच्या दोन घरांचीही नावं दिसायला लागली. ती लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवत हसली. मीही हसलो. तीन दिवस मी त्या कार्डाच्या मागे होतो. ते चाललं की ती जाणार, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. गडचांदूर काही सावलीहून रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही.

सोमवारी ती आत शिकवत होती आणि मी दाराबाहेर उभा होतो. वायफाय एकदाही तुटलं नाही. तासाभरानं ती बाहेर आली.

"घेतलं मले. पुढच्या सोमवारपासून या म्हनते." मग जरा थांबून म्हणाली, "तुमाले चालन ना?"

"चालन. न चालाले काय झालं?" मी म्हणालो, आणि तिची बॅग माळ्यावरून काढायला घाईघाईनं स्टुलावर चढलो. तिला माझं तोंड दिसायला नको होतं.