देशांची नीती आणि हिरूचे बोंबील

दातिवऱ्याला समुद्राच्या कडेला राहत होती एक आजी, म्हणजे मी. तिची एक नात, नयना. आणि भिंतीला भिंत लावून एक शेजारीण, हिरू, जिच्याशी माझं बोलणं बंद. कशावरून, ते मला वारासकट आठवतं, पण सांगणार नाय! अशा ठिकाणी किस्से जमवावे लागत नाय. बोंबील पसरले की माश्या येतात, तसे आपणहून येतात.

*

नयना खूप शिकली. कॉलेजात शिकवायची नोकरी इंटरव्ह्यूत दोनदा हुकली होती. आता हुकली तर बोईसरला कंपनीत पॅकिंगला जाणार होती. सकाळी मोठ्याने वाचायची. "आजी, देशांच्या वर कुणी मालक नसतो. म्हणून काही पंडित म्हणतात, देशादेशांत ताकद चालते, नीतीबिती नाय."

मी म्हटलं, "मग तुझे देश आमच्या बाजारातच बसतात की!"

*

बाजारात बोंबील विकायलाही हिरू माझ्या शेजारीच. रोज तिची टोपली वीतभर माझ्याकडे सरकायची, मी माझी तिच्याकडे रेटायची. नयना म्हणाली, "ह्याला सत्तेचा समतोल म्हणतात."

"समतोल कसला! माझा एक पाय गटारात हाय!"

*

एकदा हिरू चहाला उठली. कंपनीतल्या एका कामगाराने तिच्या टोपलीकडे बोट केलं. "मौसी, इसका माल अच्छा है क्या?" नेमकी हिरू मागे येऊन उभी!

मी म्हटलं, "माल अच्छा है. बाई खराब है!"

त्याने तिच्याकडूनच घेतले. नयनाने कपाळाला हात लावला. "आजी, खोटं बोलली असतीस तर तुझे खपले असते!"

"भांडण हिरूशी हाय. बोंबलांनी माझं काय केलंय?"

*

इंटरव्ह्यूला मी पालघरला सोबत गेले. बाहेर बाकावर बसले, दार उघडंच होतं. साहेबांनी विचारलं, "वर विचारणारं कुणी नसताना एका देशाने शत्रूशी खरं का वागावं?"

नयनाने बाजारातला किस्साच सांगितला. आत हशा!

"हा सिद्धांत कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, सर. बाहेर बाकावर बसलाय."

तेवढ्यात अवकाळी आभाळ भरून आलं, आणि माझे महिन्याभराचे बोंबील घरी दोरीवर!

*

भिजत घरी पोचलो, तर दोऱ्या रिकाम्या. सगळे बोंबील हिरूच्या पडवीत, कोरडे! ती दारात मांजराला सांगत होती, "मने, सांग तिला, घेऊन जा म्हणावं. माझ्या घरात वास मारतात!"

*

पुढे कॉलेजचं पत्र आलं. आमची नयना मॅडम झाली! पहिला पेढा मी तिच्या हाती हिरूकडे पाठवला आणि दाराच्या फटीतून तिच्या पडवीत बघत उभी राहिले. हिरूने पेढा खाल्ला, बोटं चाटली, मांजराला जवळ घेतलं.

"मने, सांग तिला. पेढा अच्छा है. बाई खराब है!"