गुटी लागली!

"हळव्या हाताला झाड येत न्हाई, बाय." मी आठवीत होते तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते. माझा गुलाब वाळला होता, कारण मी त्याची एक काडीही कुणाला छाटू दिली नव्हती... ते वाक्य मी इतकी वर्षं खरं धरून चालले. लग्नानंतर लोणावळ्यात आले, इथे दगडालाही पालवी फुटते, तरी माझ्या खिडकीत फक्त शोभेची रिकामी कुंडी!

तर गोष्ट आईच्या रबर प्लांटची. देहूरोडच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात तो पार छताला टेकला होता. दर रविवारी आई आबांच्या जुन्या बनियनच्या तुकड्याने त्याचं एकेक पान पुसायची.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून झाडाकडे आबा बघतात. या उन्हाळ्यात मी गेले तर खालची पानं पिवळी पडून गळत होती, बुंधा बोटाने दाबला तर मऊ लागला. शेंड्याला अकरा पानं उरली होती... मी मोजली.

नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, पाणी जास्त झालंय, मुळं कुजलीत, आता नवीनच घ्या. आबांना सांगितलं तर ते उसळले. "पान्यानं कुटं झाड मरतं व्हय? आमचं भात चार म्हैनं पान्यात उभं राहातं!"

आबांचा जन्म वडिवळ्याचा, भाताच्या खाचरांतला. डेपोतल्या नोकरीत आयुष्य गेलं, पण बोली तीच आणि पाण्यावरचा विश्वासही तोच. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ ते आईच्या झाडाला तांब्याभर पाणी घालत होते... मायेने.

बुंधा गेला होता, पण शेंडा जिवंत होता. मग मी ठरवलं, गुटी बांधायची. म्हणजे फांदीची साल गोल सोलायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधायचं आणि झाडावरच मुळं फुटायची वाट बघायची. शेवाळ आमच्या मागच्या भिंतीवर हवं तेवढं. डबा भरून घेतलं आणि लोकलने निघाले. डब्यातून हिरवं दिसल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "पालक का हो?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार!

व्हिडिओ बघून बघून बांधली एकदाची गुटी. दीड महिन्यांनी सोडून पाहिली... एकही मूळ नाही. सोललेली साल पुन्हा सांधून आली होती, काही झालंच नाही अशी. आणि पानं उरली होती सात.

आबांनी चष्मा लावून पाहिलं. "तू साल सोललीच न्हाईस. कुरवाळलीस नुसती."

खरं होतं. पांढरा चीक वाहायला लागल्यावर माझ्याच्याने पुढे पातं टेकवलंच गेलं नव्हतं. आता मात्र एकच संधी उरली होती. ही चुकली तर आईचं झाड संपलं...

दुसऱ्यांदा पातं धरलं तेव्हा आबा शेजारी स्टूल घेऊन बसले. दोन बोटं रुंद साल निघाली. चीक ओघळला, तो मी बनियनच्या त्याच तुकड्याने टिपला. "आजून," आबा म्हणाले. "पांढरं लाकूड दिसू दे."

"आबा, लागतंय हो त्याला."

"मंग लागू दे की. लागावी म्हनूनच बांधतोय ना गुटी?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. जखम होते तेही लागणं आणि कलम जगतं तेही लागणंच. मी लाकडापर्यंत खरवडलं. मग ओलं शेवाळ गुंडाळलं, वर प्लॅस्टिक आणि बाहेरून सुतळी.

आबांचा तांब्या मात्र मी जाताना माझ्या पिशवीत घालून आणला. त्यावर दोन दिवस अबोला झाला.

गौरी-गणपती गेल्यावर एका सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल. फोन प्लॅस्टिकला इतका चिकटवलेला की मला फक्त धूसर हिरवं दिसत होतं. "आगं, आत सुतळी घातलीस का तू? पांढरे दोरे आल्यात भाईर."

सुतळी मी फक्त बाहेरून बांधली होती... आत दोरा घातलाच नव्हता!

मी स्वयंपाकघरात ओरडले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा गाळ झाला, आणि तो आम्ही आनंदाने खाल्ला. त्याच रविवारी जाऊन मुळांच्या खाली करवत चालवली. या वेळी आबांना "आजून" म्हणावं लागलं नाही. पाच पानांचं झाड नव्या कुंडीत उभं राहिलं, गुडघ्याएवढं.

परवा त्याच्या शेंड्याची लाल सुरळी उलगडली. नवं पान... पहिलं! आबा सोसायटीत सगळ्यांना दाखवतात. म्हणतात, "आमी लावलंय." त्या 'आमी'मध्ये कोण कोण आहे, ते मी विचारलं नाही. गुलाबाचं ते वाक्य त्यांना आठवतही नाही. आता मलाही ते जपून ठेवायचं कारण उरलं नाही.

आबा, तुम्ही माझ्या सगळ्या पोस्ट वाचता आणि लाइक एकालाही करत नाही, मला माहीत आहे. म्हणून इथेच, सगळ्यांदेखत मागते... याला आठवड्यातून एकदाच पाणी घाला. एकदाच. आणि काल वॉचमनकडून मागवून घेतलेला तो नवा तांब्या मला देऊन टाका.